भार आणि आधार

आपल्या मराठी भाषेचें वजनाविषयीं एक मत ठरलेलें दिसत नाहीं. कर्ज फिटलें कीं आपल्या डोक्यावरचें ओझें उतरतें, मनांतलें बोलून टाकलें कीं मन हलकें होतें, ताप निघाला कीं अंग हलकें वाटूं लागतें. एवढ्यावरून कोणीहि म्हणेल कीं, वजन ही वस्तु मराठी माणसाला नकोशी आहे. परंतु हीच भाषा दुसऱ्या क्षणीं ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याच्यापुढें मान लववते. हलक्या कानाचा मनुष्य तिला खपत नाहीं. आणि हलका माल, हलकें काम, हलकी वृत्ति या सर्वांना ती एकाच पंक्तीला बसविते. ज्याच्यापाशीं आपण विद्या घेतों त्याला तर आपण 'गुरु', म्हणजे शब्दशः 'जड', असेंच म्हणतों. भार हा शत्रु कीं मित्र, हा प्रश्न आपण असा पिढ्यान् पिढ्या अनिर्णित ठेवला आहे. आणि त्यावांचून व्यवहारांत कोणाचें अडलेंहि नाहीं. आमच्या घरांत मात्र २०२५ च्या पावसाळ्यांत त्या प्रश्नाचा निकाल लावण्याची वेळ आली, आणि त्या कामीं आम्हांला चक्क आकाशांतल्या मंडळींची साक्ष काढावी लागली.

त्या वर्षीं जूनअखेरीस शुभांशु शुक्ला हे आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर गेले व तेथें १८ दिवस राहिले. १९८४ च्या एप्रिलांत राकेश शर्मा अवकाशांत जाऊन आले, त्यानंतर इतक्या वर्षांनीं पृथ्वीच्या कक्षेंत जाणारे हे दुसरे भारतीय नागरिक. त्यामुळें त्या दिवसांत आमच्या घरीं रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं लहानथोर सगळीं टी.व्ही.पुढें बसत. शुक्लांनीं बरोबर गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस नेला आहे हें कळल्यापासून माझ्या आईला तर त्या मोहिमेविषयीं विशेष आपुलकी वाटूं लागली होती. "अधांतरीं माणसं आमरस खातात तरी कशी?" असें तिनें एकदां विचारलें, तेव्हां माझा अकरा वर्षांचा पुतण्या मोठ्या ऐटीनें म्हणाला, "आजी, तिथं गुरुत्वाकर्षणच नसतं, म्हणून सगळं तरंगतं." त्यावर त्याच्या थोरल्या बहिणीनें शांतपणें विचारलें, "गुरुत्वाकर्षण नसेल, तर ते स्थानक पृथ्वीभोंवतीं फिरेल कशाला? सरळ निघून नाही का जाणार?" पुतण्या गप्प झाला, आणि दोघेंहि माझ्याकडे पाहूं लागलीं.

पुतण्याची समजूत ही कांहीं त्याची एकट्याची नव्हे. शिकल्यासवरल्या मंडळींतहि ती सर्रास आढळते. पृथ्वीची ओढ कोठें तरी वर जाऊन संपते, आणि त्या शिवेपलीकडे सर्व वस्तु तिच्या तावडींतून सुटतात, असें चित्र आपण मनाशीं काढलेलें असतें. पण तें स्थानक आहे किती उंच? सुमारें ४०० किलोमीटर. म्हणजे आडवें सरळ मोजलें तर पुण्याहून गोव्यापर्यंत, एवढेंच. पृथ्वीच्या मध्यापासून तिचा पृष्ठभाग जवळजवळ ६४०० किलोमीटर दूर आहे. त्या मानानें हे ४०० म्हणजे कांहींच नव्हेत. तेवढ्या उंचीचा एखादा मनोरा बांधून त्याच्या टोंकावर कोणी स्प्रिंगचा काटा घेऊन उभा राहिला, तर येथें ६० किलो भरणारा मनुष्य तेथें सुमारें ५३ किलो भरेल. ओढ शेंकडा ८८-८९ शिल्लक आहेच. मग त्याच उंचीवरून जाणाऱ्या स्थानकांतील मनुष्य पिसासारखा कां तरंगतो?

याचें उत्तर मला पुस्तकांत मिळण्यापूर्वीं विहिरींत मिळालेलें होतें. आम्हीं मुलें पोहावयास शिकलों तीं विहिरींतच. पाठीला कोरडा भोपळा बांधून धाकटे काका आम्हांला काठावरून सोडून देत. पाणी दोन-अडीच पुरुष खालीं असे. तेवढें अंतर कापावयास एक सेकंद लागतो. त्या एका सेकंदांत पोटांत जो गोळा येई, तो मला अजून आठवतो. त्या वेळीं भीतीनें तसें होतें असें वाटे. पण भीति पूर्ण मोडल्यावर, दिवसांतून वीस उड्या मारूं लागल्यावरहि, गोळा यावयाचा तो येईच. झोंका उंच जाऊन परत फिरतांना, किंवा लिफ्ट झटकन् खालीं निघतांना जें होतें, त्याचाच तो थोरला भाऊ. आपण उभे असतों तेव्हां पाय जमिनीला दाबतात आणि जमीन तितक्याच जोरानें पायांना वर रेटते. पायांवर कंबर, कंबरेवर आंतडीं, खांद्यांवर डोकें, असा सगळा संसार एकावर एक रचलेला असतो. या रेटण्यालाच आपण आपलें वजन म्हणतों. उडी मारल्याबरोबर तो रेटा नाहींसा होतो. पृथ्वी तेव्हांहि आपल्याला तितकीच ओढीत असते. किंबहुना ती ओढते म्हणूनच आपण पडतों. नसतो तो फक्त आधार. अवकाशांतील माणसाच्या पोटांत जो गोळा येतो तो हाच. फरक इतकाच कीं त्याची उडी महिनोन् महिने संपत नाहीं.

मुलांना हें पटेना, म्हणून रविवारीं सकाळीं आम्हीं एक प्रयोग केला. प्लॅस्टिकच्या एका बाटलीला बुडाशीं दोन भोकें पाडलीं, झांकण काढून ती पाण्यानें भरली आणि पुतण्याला गच्चीवर उभें केलें. बाटली हातांत होती तोंपर्यंत दोन्ही भोकांतून धारा लागल्या होत्या. त्यानें ती सोडून दिली, आणि अंगणांत पोंचेपर्यंत दोन्ही धारा थांबलेल्या आम्हीं सर्वांनीं पाहिल्या. हातांत असतांना वरचें पाणी खालच्या पाण्यावर भार टाकीत होतें, म्हणून तें भोकांतून बाहेर पडत होतें. पडतांना बाटली आणि पाणी दोन्ही एकाच वेगानें खालीं चाललीं. कोण कोणावर भार टाकणार? आईनें बारा वेळां बाटली भरून दिली, व शेवटीं अंगणांत झालेला चिखल पाहून प्रयोग बंद करविला.

आतां अशी न संपणारी उडी कशी साधते, हें न्यूटनच्या एका कल्पनेनें उत्तम समजतें. त्याचा मुख्य ग्रंथ १६८७ सालीं निघाला. ही कल्पना त्याच्या मृत्यूनंतर १७२८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकांत आहे. एका अति उंच पर्वतावरून तोफेचा गोळा आडवा सोडला, तर तो कांहीं अंतरावर जमिनीवर पडेल. अधिक जोरानें सोडला, तर अधिक दूर पडेल. पण पृथ्वी गोल आहे. दर ८ किलोमीटरांना तिचा पृष्ठभाग सुमारें ५ मीटर खालीं वळतो. कोणतीहि वस्तु पहिल्या सेकंदांत सुमारें ५ मीटरच पडते. म्हणजे जो गोळा सेकंदाला ८ किलोमीटर धांवेल, तो जेवढा पडेल तेवढीच जमीन त्याच्याखालून दूर सरकेल. तो पडत राहील, पण पोंचणार कधींच नाहीं. अवकाशस्थानक ताशीं सुमारें २७,६०० किलोमीटर वेगानें असेंच पडत असतें. दीड तासांत पृथ्वीची एक प्रदक्षिणा, दिवसाला सोळा. चंद्रहि याच रीतीनें पडतो आहे. तो पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठपट दूर आहे, म्हणून तेथें ओढ साठाच्या वर्गानें, म्हणजे ३६०० पटींनीं, क्षीण होते. आणि झाडावरचें फळ एका सेकंदांत जेवढें खालीं येतें, तेवढें खालीं यावयास चंद्राला एक मिनिट लागतें.

आणि पृथ्वी? येथें आपल्या भास्कराचार्यांची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं. आचार्यांनीं 'सिद्धांतशिरोमणि' ११५० सालीं लिहिला. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे. पृथ्वीच्या अंगीं आकर्षणशक्ति असून जड वस्तूंना ती आपल्याकडे ओढते, व त्यालाच आपण पडणें म्हणतों, असें त्यांनीं स्वच्छ सांगितलें. पृथ्वी सतत खालीं पडत आहे असें मानणारा एक पक्ष त्या काळीं होता. त्याला त्यांनीं विचारलें कीं, सभोंवतीं आकाश सर्व बाजूंनीं सारखेंच असतांना ही पृथ्वी पडावी तरी कोणीकडे? प्रश्न बिनतोड आहे, कारण आकाशांत 'खालीं' अशी दिशा नाहींच. आज मात्र त्याला एक भर घालतां येते. पृथ्वी सूर्याकडे पडते आहे. दर सेकंदाला ती ३० किलोमीटर पुढें धांवते आणि सूर्याकडे जेमतेम ३ मिलिमीटर झुकते. तेवढ्यानें तिची वर्षाची प्रदक्षिणा पुरी होते. आपण सर्व, आपले डोंगर, नद्या, घरेंदारें, तिच्याबरोबर पडत आहोंत. म्हणूनच पृथ्वीला बांधून ठेवणारी सूर्याची ती ओढ आपल्या अंगाला कधीं जाणवत नाहीं. पडणाऱ्या माणसाला स्वतःचें वजन कळत नाहीं, हा साधा विचार १९०७ सालीं बर्न येथील पेटंट कचेरींत काम करणाऱ्या आइन्स्टाइनच्या मनांत आला. आपल्या आयुष्यांतला तो सर्वांत सुखाचा विचार, असें पुढें त्यानें त्याचें वर्णन केलें, आणि त्यांतूनच १९१५ मध्यें गुरुत्वाकर्षणाची नवी उपपत्ति उभी राहिली.

दुसऱ्या ग्रहांवर आपलें वजन किती भरेल, याची मुलांना फार हौस असते, म्हणून तेंहि थोडक्यांत सांगतों. येथें ६० किलो भरणारा मनुष्य चंद्रावर १० किलो भरेल. मंगळावर आणि बुधावर, दोन्हीकडे सुमारें २३. मंगळाचें वस्तुमान बुधाच्या जवळजवळ दुप्पट आहे, पण बुध लहान व घट्ट असल्यामुळें त्याच्या पृष्ठभागावरचा मनुष्य त्याच्या मध्याला अधिक जवळ असतो, आणि हिशेब सारखा पडतो. शनीचें वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट, तरी तो इतका फुगीर आहे कीं तेथील वजन इथल्याइतकेंच. गुरूवर मात्र १५० किलो. पण हा आंकडा कागदावरच राहावयाचा, कारण गुरूवर उभें राहावयाला जमीनच नाहीं. नुसते ढग. एवढ्या मोठ्या ओढीच्या ग्रहावर जाऊनहि मनुष्य आधारावांचून पडतच राहील. ओढ कितीहि मोठी असो, पायांखालीं कांहीं असल्यावांचून तिचें वजन होत नाहीं, हें गुरूइतकें स्पष्ट दुसरा कोणी शिकवीत नाहीं.

येथवर हा सगळा आमच्या घरीं रात्रीच्या गप्पांचा विषय होता. श्रावण लागला, आणि एका सकाळीं आई न्हाणीघरांत पाय घसरून पडली. खुब्याचें हाड मोडलें. तिचें वय ७८. शस्त्रक्रिया त्याच आठवड्यांत झाली, आणि दुसऱ्या दिवशीं डॉक्टर येऊन म्हणाले, "आजी, आतां उभ्या राहा." आमच्याकडे एकच गहजब उडाला. माझ्या थोरल्या बंधूंनीं स्पष्ट विरोध केला. हाड सांधेपर्यंत हालचाल नाहीं, हें आमच्या घरांत चालत आलेलें शहाणपण. आणि ती पुन्हा पडली तर काय, ही भीति तर प्रत्येकाच्याच मनांत. डॉक्टर शांतपणें म्हणाले कीं, हाड म्हणजे विटांची भिंत नव्हे. तें जिवंत असतें, रोज झिजतें आणि रोज बांधलें जातें, आणि कोठें बांधावयाचें हें त्याला भारावरून कळतें. निजवून ठेवाल, तर त्याला निरोपच पोंचणार नाहीं.

हें तत्त्व युलिउस व्होल्फ नांवाच्या जर्मन शस्त्रवैद्यानें १८९२ सालीं मांडलें. पण त्याचा खरा पुरावा मिळाला तो अवकाशांत. तेथें पायांवर भार नसतो. आणि त्यावर पुरेसा उपाय न केल्यास कंबरेच्या व खुब्याच्या हाडांतील खनिज दर महिन्याला शेंकडा एक ते दीड या प्रमाणांत कमी होतें. पोटऱ्या बारीक होतात, रक्त व पाणी डोक्याकडे चढून चेहरा सुजतो, मणके सैल होऊन उंची दोन-चार बोटें वाढते. हें टाळण्यासाठीं ती मंडळी रोज सुमारें दोन तास व्यायाम करतात. धांवपट्ट्यावर धांवतां यावें म्हणून खांद्यांना व कंबरेला पट्टे बांधून स्वतःला खालीं ओढून घेतात. ज्या भाराला आपण उभा जन्म कंटाळतों, तो त्यांना पट्टे लावून मिळवावा लागतो! आणि परत आल्यावर? शुक्लांना पृथ्वीवर हातांतला फोनसुद्धां जड वाटला. या विकारांचा अभ्यास येथें करावयाचा झाला, तर शास्त्रज्ञ काय करतात? धडधाकट माणसांना साठ-सत्तर दिवस बिछान्यांत निजवून ठेवतात, डोक्याकडची बाजू सहा अंश उतरती करून. बिछाना आणि अवकाश हीं शरीराच्या दृष्टीनें इतकीं जवळचीं आहेत. हें मीं बंधूंना वाचून दाखविलें, तेव्हां कोठें त्यांचा विरोध मावळला. आणि आई वॉकरला धरून, कण्हत, चार पावलें चालली.

पण खरा प्रश्न ती घरीं आल्यावर निघाला. आमच्या वहिनी आणि माझी पत्नी, दोघींनीं प्रेमानें तिचीं सगळीं कामें काढून घेतलीं. भाजी निवडणें, देवाच्या वाती, दुधाचा हिशेब, श्रावणांतलीं व्रतें कोणतीं व केव्हां हें सांगणें; सगळेंच. "आई, तुम्ही नुसतं बसायचं," असें दोघीहि म्हणत, आणि त्यांत आदरावांचून दुसरें कांहीं नव्हतें. पंधरवड्यांत आई गप्प झाली. जेवण निम्म्यावर आलें. चालावयास चला म्हटलें, तर "कशाला? कुठं जायचं आहे?" असें विचारी. शेवटीं गौरी बसल्या त्या संध्याकाळीं ती म्हणाली, "मला मखरांत बसवून ठेवलंत तुम्ही सगळ्यांनीं. अग, गौरीसुद्धां तिसऱ्या दिवशीं उठवतात!"

घरांत दोन पक्ष झाले. या वयांत तिच्यावर काम टाकणें म्हणजे लोक काय म्हणतील, असें एका पक्षाचें म्हणणें. तें अगदींच चुकीचें होतें असें मी म्हणत नाहीं, कारण ज्यांनीं जन्मभर ओझीं वाहिलीं त्यांना विसांवा देणें हें एकत्र कुटुंबाचें भूषणच आहे. परंतु माझ्या डोळ्यांपुढें वारंवार तें स्थानक येई. तेथील माणसांना कोणी सोडून दिलेलें नसतें. पृथ्वी त्यांना पूर्वींइतक्याच मायेनें ओढीत असते. तरी तीं झिजतात, कारण त्यांना ज्यावर उभें राहावें असें कांहीं नसतें. मायेला तोटा नसतांनाहि मनुष्य अधांतरीं राहूं शकतो. शुक्लांनीं तेथें मूग आणि मेथीचे दाणे रुजवून पाहिले, तेंहि मला आठवलें. आपल्या ओट्यावर मुगाला मोड आला कीं मूळ बरोबर खालीं वळतें, कारण मुळाच्या टोंकांतील पेशींत पिठुळ कण असतात, ते भारानें तळाशीं बसतात आणि 'खालीं' कोणीकडे हें मुळाला सांगतात. भार नसला तर मुळाला ही खूण मिळत नाहीं. दिव्याची ज्योतहि तेथें अशीच बावरते. थंड, जड हवा खालीं उतरून तापलेल्या हवेला वर सारते, म्हणून समईची ज्योत उभी राहाते. भारहीन जागीं ती निळसर गोळा होऊन राहील. वर जाण्यालासुद्धां भार लागतो.

हें सगळें मीं वहिनींना सांगितलें असें नाहीं. त्यांना त्याची जरूरहि नव्हती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं गवारीची परडी आईपुढें ठेवली आणि म्हणाल्या, "आई, आज माणसं पुष्कळ आहेत, मला एकटीला व्हायचं नाही." आईनें गवार मोडली. चार दिवसांनीं दुधाची वही तिच्याकडे गेली. मग वाती. कार्तिकांत ती काठी घेऊन तुळशीपर्यंत जाऊं लागली. प्रत्येक पायरीला आमचा जीव खालींवर होई, आणि धाकटीं मुलें तिच्या मागें हात पसरून उभीं असत. ही भीति खोटी नव्हती. आजहि ती गेलेली नाहीं. जो उभा राहातो तो पडूं शकतो, हें आधाराबरोबर घ्यावेंच लागतें.

मार्गशीर्षांत एके दिवशीं पुतण्यानें बातमी आणली कीं, संध्याकाळीं अवकाशस्थानक आपल्या गांवावरून जाणार आहे, व तें नुसत्या डोळ्यांनीं दिसतें. आईनें गच्चीवर येण्याचा हट्ट धरला. अठरा पायऱ्या. कठड्याला धरून, दर पायरीवर दोन्ही पाय टेंकीत, ती वर आली. बंधु एक पायरी खालीं राहून तिच्यामागून चढत होते. थोड्या वेळानें एक ठळक तारा न लुकलुकतां वायव्येकडून वर आला आणि संथपणें आभाळ ओलांडूं लागला.

"हें पडतंय म्हणतोस ना रे तूं?" आईनें मला विचारलें.

"हो. पडतंयच."

तो पूर्वेकडे अंधारांत दिसेनासा होईपर्यंत ती काठीवर दोन्ही हात टेंकून पाहात होती. मग जिन्याकडे वळतां वळतां म्हणाली, "आंतल्या पोरांना खालीं आल्यावर पहिले चार दिवस काठी द्या म्हणावं. लाज वाटून घेऊं नका."